ऐनवेळचे विषय

वार्षिक सभा गच्चीवर, टाकीच्या सावलीत.
सव्वीस सभासदांपैकी अकरा हजर.
गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब, मग त्याच जागी पुन्हा सुरू.
हे मी दर वर्षी लिहिते, डोळे मिटूनही लिहीन.

विषय एक : मागील इतिवृत्त वाचून कायम करणे.
विषय दोन : बी विंगच्या जिन्यातली गळती.
गळतीवर आम्ही पाऊण तास बोललो.
कुठून मुरतं, कोणाच्या न्हाणीतून उतरतं,
खर्च वरच्याने द्यायचा की खालच्याने.
ओल कोणाच्या घरातून येते
हे शोधून काढण्यात आमची सोसायटी तरबेज.

मग ऐनवेळचे विषय.
कोणी काही बोलेना.
कोपरखैरण्याच्या खाडीवरून वारा आला, वासासकट.
तेव्हा रामदुलार इस्त्रीवाला,
सभासद नव्हे, खुर्च्या चढवायला बोलावलेला,
गच्चीच्या दारातूनच म्हणाला,
"मॅडम, दोनशे तीनचा पोरगा मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो.
इस्त्री मीच करतो ना.
कॉलरला आतून रक्त होतं. दोनदा."

पेन चालेना.

मुणगेकर वहिनी चहाच्या कपात बघत म्हणाल्या,
"भिंतीला भिंत आमची.
मी कुकरच्या शिट्ट्या मोजते, मध्येच त्याचा आवाज येतो,
मोजणी चुकते. भात लागतो."

तळमजल्यावर क्लास घेणारे धुमाळ :
"पाढे चोख आहेत त्याचे.
फक्त फळा पुसायला मी हात उचलला
की हा डोकं झाकतो."

व्हॅनवाल्या शहानवाजचं धुमाळांनीच सांगितलं.
शेवटचा थांबा आपला. सगळी पोरं उतरलेली,
हा उतरत नाही. म्हणतो, काका, अजून एक चक्कर मारा ना.

एकेक तुकडा प्रत्येकाच्या घरात,
नीट घडी घालून ठेवलेला.

आणि मी, सचिव. त्यांच्या बरोबर वर, तीनशे तीन.
मी टीव्हीचा आवाज वाढवायचे.
किती, तेही सांगते. बत्तीस.

कोणीतरी म्हणालं, घरगुती बाब आहे.
कोणीतरी म्हणालं, माणूस सज्जन, मेंटेनन्स कधी थकला नाही.
तेही खरं. थकबाकीच्या यादीत
दोनशे तीन कधीच नव्हता.
गोडांबे काका उसळले, "माझ्या बापानं मला पट्ट्यानं फोडलंय.
माझं काय बिघडलं?"
आणि त्यांचा कप बशीवर वाजायला लागला.
थांबेना.
वहिनींनी उठून तो हळूच काढून घेतला.

ठराव क्रमांक सात.
सूचक : रामदुलार. नियमात बसत नाही. तरी लिहिलं.
एक-शून्य-नऊ-आठला फोन मी लावला, सभेसमोर, स्पीकरवर,
म्हणजे नंतर कोणाला म्हणता येऊ नये
की आपल्याला माहीत नव्हतं.

तिथल्या ताई येईपर्यंतची संध्याकाळ मोठी होती.
वहिनी विरजण मागायला गेल्या.
वीस मिनिटांनी धुमाळ, वहीचं निमित्त काढून.
मग मी, पाणी गळतंय का बघायला.
तिसऱ्या बेलला त्याच्या आईनं दार उघडलं,
वहिनींची राहिलेली वाटी काठोकाठ भरून माझ्या हातात दिली
आणि दार
लावून घेतलं नाही.

मुलाचं नाव इतिवृत्तात लिहायचं नसतं, ताई म्हणाल्या.
म्हणून इथे जागा सोडली आहे.
सध्या तो आईसोबत मामाकडे असतो, ऐरोलीला.
पुढचं कोर्टात चालू आहे, मला सगळं कळत नाही.
त्याचा एक शर्ट रामदुलारच्या फळीवर आहे अजून,
कोणी न्यायला आलेलं नाही, तो देतही नाही कोणाला.

बी विंगमधली गळती तशीच.
हल्ली मी टीव्ही लावत नाही फारसा.
कुठल्याही मजल्यावर फार वेळ काहीच ऐकू आलं नाही
तर वाटी घेऊन खाली उतरते.
घरात दही असलं तरी.