आल्टर

वरचा जबडा पाच मिलिमीटर पुढे,
खालचा तीन मागे.
डॉक्टर रेणावीकर सांगत होते आणि अण्णा मान डोलवत होते,
जणू कुणी बाही आखूड करायला टाकलीय.
रास्ता पेठेतल्या पाच बाय सातच्या दुकानात
तीस वर्षं ते हेच ऐकत आलेत :
इथून जरा आत घ्या, इथून जरा सोडा.

पुढचे सहा आठवडे माझ्या दातांना रबर,
अण्णांच्या ओठांत टाचण्या.
गाळलेली पेज सिरिंजने गालाच्या फटीतून आत.
दोघं हुंकारांवर बोलायचो.
हं म्हणजे भूक. हंहं म्हणजे पंखा.
लांबलेला हं म्हणजे
आरसा नको.

मग सूज उतरली.
दारूवाला पुलाजवळच्या गाडीवर मी सँडविच घेतलं
आणि काकडीचा काप पुढच्या दातांनी
सबंध तुटला.
जन्मात पहिल्यांदा तो अख्खा ओढत बाहेर आला नाही.
तिथंच उभी राहून रडले.
गाडीवाल्याने विचारलं, चटणी तिखट झाली का, ताई?

सत्तावीस वर्षं सगळ्यांची नजर हनुवटीवर.
नाक आपलं गरीब, मधल्या भावंडासारखं,
कुणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.
आता जबडा सरकला
आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली.
नाकपुड्या पसरल्या, शेंडा किंचित वर,
कायम कुठूनतरी जळका वास येत असल्यासारखा.
मावशी म्हणते, छे, तुझ्या मनाचे खेळ.
मावशी जुना फोटो शेजारी धरून बघत नाही.
मी रोज बघते.

एरंडवण्यातल्या क्लिनिकात पडद्यावर माझी डावी बाजू.
नव्या डॉक्टरांनी माऊसने एक रेघ ओढली.
सुंदर होती. खोटं कशाला बोलू.
पुसली तेव्हा काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं,
जे माझं कधी नव्हतंच.
घाई नको, म्हणाले, वर्ष होऊ द्या, आत अजून सगळं बसतंय.
तरी खर्चाचा कागद दिला.

नळस्टॉपहून परत येताना बसमध्ये मी फक्त नाकं पाहिली.
कंडक्टरचं यंत्रावर वाकलेलं,
एका पोराचं उन्हाने सोललेलं,
एका बाईचं इतकं मोठं
की तिचं हसू त्याच्या सावलीत बसलं होतं.
उतरेपर्यंत ती बाई मला आवडत राहिली.
तिचं नाक मात्र मी घेतलं नसतं,
हेही तितकंच खरं.

दुकानात अण्णा कुणाचा तरी ब्लाऊज उसवत होते.
खांदा आत घेतला, तर काखेत चुणी.
काखेतली काढली, तर पाठीत.
गिऱ्हाइकाला वाटतं शिंपी चुकला,
ते ब्लाऊजला म्हणाले. मला नव्हे.

मी कागद मशीनवर ठेवला.
त्यांनी चष्मा लावला, आकडा वाचला, कागद उलटला.
मागची बाजू कोरी.
तेवढ्यात काळंगे वहिनी आल्या आणि सवयीने
त्यावर मापं चढली :
छाती छत्तीस, कंबर एकतीस, गळा मागून खोल.
आता तो कागद सोमवारपर्यंत दुकानातच लागणार.

वहिनी गेल्यावर विचारलं,
अण्णा, नाक कसं दिसतंय?

त्यांनी ओठांतून एकेक टाचणी काढली.
पाच होत्या. पाचही गादीत खोचल्या.
म्हणाले, नवं कापड एकदा धुतल्याशिवाय
मी आल्टरला हात लावत नाही.
आणि थोडं थांबून,
धुऊनही चुणी राहिली तर घेऊन ये. त्यात लाजायचं काय?

मागच्या मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.
खालचा ओठ डावीकडे अजून बधिर आहे,
थेंब थांबला की ओघळला, कळत नाही.
नाकाला मात्र
गार लागलं.