कुपवाडचा समुद्र

आमचा समुद्र पोलादी आहे.
दोन हात उंच, झाकणाला बारा बोल्ट,
आत पाणी कुपवाडच्या नळाचं.
भूपाल चौगुले पंपाचा दांडा मारत राहतो,
काटा चढतो : शंभर, दोनशे, साडेतीनशे…
सहाशेला मी हात वर करते.
आता आपण सहा हजार मीटर खाली,
आणि शेडबाहेर हळदीचा ट्रक रिव्हर्स घेतोय.

नखाएवढ्या जागेवर सहाशे किलो.
"मुऱ्हा म्हैस," भूपाल म्हणतो, "नखावर उभी."
आत, टायटॅनियमच्या पोटात,
केसाएवढी काच
दुसऱ्या काचेच्या तोंडाला तोंड लावून.

पहिल्या वर्षी मी भिंती जाड केल्या.
मग आणखी जाड.
रबराची कडी फटीतून पिळून निघाली, शेवयीसारखी.
एकदा तर काहीच फुटलं नाही,
फक्त काच मागे सरली,
बोलता बोलता माणूस जरासा मागे सरतो तशी,
आणि उजेड अर्धा राहिला.
ते मला फुटण्यापेक्षा जास्त लागलं.

काचेची तोंडं तबस्सुम शिकलगार घासते. मिरजेची.
तिच्या घरी तंबोऱ्याची जवारी लावतात;
हात तोच, फक्त इथं ऐकायला काही नाही.
आठ अंशांचा उतार, हिऱ्याच्या भुकटीचा कागद.
"सरळ घासलंस तर उजेड आल्या वाटेनं माघारी येतो,"
नव्या पोराला सांगते,
"म्हणून थोडं तिरकं वागायचं."

दाबाचं उत्तर भूपालनं दिलं,
जेवायच्या सुट्टीत, बोटाला शेंगदाण्याची चटणी :
"म्याडम, आत पोकळ ठेवता म्हणून तर घुसतंय सगळं.
आतबी भरा की. भाईर जेवढं, तेवढंच आत."
पुस्तकात होतं हे. चौदावं प्रकरण.
मी वाचलेलं, परीक्षेपुरतं.

मग तेल भरलं, आणि एक मऊ पिशवी.
समुद्र पिशवीला ढकलतो, पिशवी तेलाला,
तेल सगळीकडून सारखं,
काचेला कळतच नाही कोण कुठून रेटतंय.
भिंत निम्मी झाली.
तिच्यावर बोट ठेवताना मला अजून भीती वाटते.

शेवटची चाचणी बहात्तर तासांची.
दोनदा लाईट गेली, काटा गेला नाही.
या काचेतला उजेड डोळ्यांना दिसत नसतो,
तरी आम्ही वाकून पाहत होतो.

खोल समुद्र आमच्यात कुणीच पाहिलेला नाही.
तबस्सुम सहलीला रत्नागिरीत गुडघ्यापर्यंत गेलेली.
भूपालला पाणी कळतं आयर्विन पुलाच्या फुटांत :
पंचेचाळीसला सामान माळ्यावर.
सहा हजार मीटर म्हणजे फूट किती, विचारलं त्यानं.
सांगितल्यावर बराच वेळ गप्प होता.

सकाळी दाब सोडला, बोल्ट काढले.
जोड पुसून डब्यात ठेवला, वर चिठ्ठी डकवली.
भूपालनं समुद्र बादलीत घेतला
आणि नेहमीसारखा
दाराजवळच्या पेरूला घातला.