पोकळ, जिवंत

झाड क्रमांक तीनशे सत्तावीस.
माटुंगा, पाच उद्यानांच्या मागची गल्ली.
पर्जन्यवृक्ष. घेर तीन मीटर दहा.
झुकाव रस्त्याकडे.
तक्रारदार श्री. धुरंधर, पहिला मजला :
"आत काहीतरी कुजतंय, मॅडम. वास येतो."

मी लाकडी हातोडी काढते,
डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात तशी
खोडाभोवती फिरत वाजवते.
टक. टक. टक.
उत्तरेला, खांद्याच्या उंचीवर,
डुब्ब.

माझे वडील रे रोडच्या वखारीत होते.
सागाच्या ओंडक्याचं कापलेलं तोंड ओलं करून
नखाने वर्षं मोजायचे.
हे बघ, इथे दुष्काळ, कसं चिमटलंय.
हे पाणीदार.
हे तुझ्या जन्माचं.
मेलेली झाडं वाचायचे ते.
माझ्या वाट्याला जिवंत आलीत,
आणि पर्जन्यवृक्षाच्या लाकडात
वर्षं धड उमटतच नाहीत.
मुंबईत वाढल्यावर आणखी काय होणार.

"पोकळ म्हणजे मेलेलंच ना?" धुरंधर विचारतात.
मी म्हणते, पोकळ बांबूंवर उभं राहूनच
तुमची बिल्डिंग रंगवली होती.
ते हसत नाहीत.
मग नीट सांगते :
झाडाचा गाभा तसाही मेलेलाच असतो, काका.
जिवंत असतो तो सालीखालचा ओला पापुद्रा
आणि त्याच्या आतलं थोडंसं लाकूड.
तेवढंच पाणी वर चढवतं,
तेवढ्यावर हा सगळा मांडव.
आणि झाड जखम भरून काढत नाही.
जखमेला भिंत घालतं,
भिंतीबाहेर नवं झाड होत राहतं.
आतलं कुजलेलं तिथेच राहतं,
तारीख नसलेलं.

(वडिलांचं अर्धं बोट करवतीत गेलं होतं.
त्यावरची कातडी किती गुळगुळीत होती.)

सळई घातली. सतरा सेंटीमीटर घट्ट,
पुढे भुसभुशीत.
त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त.
किंचित जास्त.

वर बाळा वारघडे दोर बांधून बसलाय, मोखाड्याचा.
कंत्राटदाराने त्याला सांगितलंय, खोडालगत साफ उडव,
बिल फुटावर निघतं.
मी खालून ओरडते,
फांदीच्या मुळाशी फुगीर कडं दिसतंय ना,
त्याच्या बाहेर काप!
तो वरून म्हणतो, म्हाईत हाय.
राबासाठी ऐनाची टहाळ तोडताना
चुलता हातावर काठी मारायचा,
गळा सोड म्हणायचा, गळा सोडला
तर पुढल्या साली परत देतो.

मी हे दोन वर्षं पुस्तकातून शिकले होते.

पहारीने बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडायला घेतलं.
खाली मुळं वळून वळून
पेव्हरच्या चौकोनात बसलेली,
साच्यात घातल्यासारखी.
वास तिथूनच येत होता, तुंबलेल्या गटाराचा.
धुरंधरांनी खिडकी लावून घेतली.

फॉर्मवर तीन चौकोन : ठेवा, छाटा, तोडा.
शेऱ्यासाठी दीड ओळ.
मी लिहिलं, पोकळ. जिवंत.
आणि "छाटा"वर बरोबरची खूण केली.
खाली सही, हुद्दा, मोबाईल नंबर.

साडेसहाला पानं मिटायला लागली,
जोडीजोडीने, वरून खाली.
बाळा दोर गुंडाळत होता.
खाली रिक्षावाला नेहमीच्या सावलीत
गाडी लावायला आला आणि जागा शोधत थांबला,
ऊन एका बाजूने आत आलं होतं.
मी त्याला म्हटलं नाही
की इथे लावू नकोस.
लाव असंही म्हटलं नाही.

त्याला आता दोन महिने झाले.
रात्री वारा सुटला की मी उठून बसते,
फोन सरळ करून ठेवते उशीजवळ
आणि पलंगाच्या लाकडावर
बोटाने,
झोपेतच असल्यासारखी,
टक. टक.