हा एक छोटा बदल आहे

सदस्य पानावर मी एवढंच लिहिलंय:
राहणार उदगीर. मीटर वाचतो.
आवड: ओढे, नाले, आठवडी बाजार, वेलांट्या.

वेलांट्या म्हणजे खरंच वेलांट्या.
पहिली दोन वर्षं दुसरं काही केलंच नाही.
कुणीतरी ‘पाणि’ लिहून जायचं,
मी मागून जाऊन ते दीर्घ करायचो,
महादप्पा मास्तर पट्टीनं करायचे तसं,
फक्त हातावर वळ न उठवता.
रात्री साडेदहानंतर, जेव्हा गल्ली निजते
आणि नेट जरा धावतं.

मग ओढे आले.
दिवसभर गाडीवर फिरतोच ना मी,
तांडे, वाड्या, शेताशेतातल्या पेट्या.
आकडा टिपायचा आणि जाता जाता विचारायचं,
मावशी, ह्या वढ्याला नाव काय हो?
कुणी म्हणायचं, वढ्याला कसलं आलंय नाव.
कुणी म्हणायचं, बिल वाढवायला आलाव का नाव इचारायला?
नागम्मा हुडगे मात्र
तळव्यातला करडईचा काटा काढता काढता थांबली.
‘ही घुंगरी. खडकावरून उतरती तवा वाजती.’

त्याच रात्री लेख केला: घुंगरी (ओढा).
सहा ओळी. उगम, अंदाजे लांबी, कुठं जाऊन मिळतो,
आणि चौथ्या ओळीत,
हा ओढा बारमाही आहे.
सकाळपर्यंत कुणीतरी शेजारी चिकटवून गेलं:
संदर्भ हवा.
आता नागम्माचा पृष्ठ क्रमांक कुठून आणू?

राजेश्वरीला वाटायचं, ह्याचे पैसे मिळतात.
नाही म्हटल्यावर वाटलं, नाव तरी छापून येत असेल.
तेही नाही म्हटल्यावर
ती थोडा वेळ पडद्याकडं बघत राहिली, मग म्हणाली,
हुरड्याच्या लेखात जवसाची चटणी नाही.
नव्हतीच.
टाकली. नोंद माझ्या नावावर आहे,
चटणी तिची.

नऊ वर्षं झाली असतील.
मे महिन्यातली रात्र, पंख्याखाली उघडाच बसलो होतो.
माझ्या लक्ष ठेवायच्या यादीत घुंगरी वर आली.
अधिक तीन. एवढाच फरक.
‘आहे’च्या जागी ‘होता’.
बदलणाऱ्याचं नाव लाल अक्षरात,
म्हणजे अजून सदस्य पान नसलेला कुणी,
आणि पुढं खूण: हा एक छोटा बदल आहे.

‘उलटवा’वर बोट नेलं होतं.
मग म्हटलं, पुराव्यानिशी उलटवू.
त्या भागाचं रीडिंग नव्हतं, तरी गेलो.

खडक होता.
खाली गोटे, एक चप्पल, कुणाच्या तरी मंडवळ्या,
शेळ्या मधोमध बसलेल्या.
नागम्माच्या दाराला कुलूप.
काठाकाठानं चालत गेलो आणि पेट्या मोजल्या.
एकोणीस.
त्यातल्या सोळा माझ्याच वहीत होत्या.
साडेसात हॉर्सपॉवर, साडेसात, दहा, साडेसात.
महिन्यामहिन्याला वाढत गेलेले आकडे,
माझ्या अक्षरात, स्वच्छ,
एकही वेलांटी न चुकता.
संदर्भ हवा होता ना?
नऊ वर्षं मीच लिहीत होतो तो,
युनिटांत.

एका पोरानं बांधावरून हटकलं,
काय बघताव काका?
आकडा, म्हटलं.

उलटवलं नाही.
‘संदर्भ हवा’ तसंच राहू दिलं.
माझी वही कुणी ग्रंथ म्हणून धरणार नाही.

तरी ‘इतिहास’वर टिचकी मारली की
ती पहिली आवृत्ती अजून उघडते.
वर पट्टी येते, तुम्ही जुनी आवृत्ती पाहत आहात.
चौथी ओळ जिथल्या तिथं असते,
बारमाही.
फार वेळ थांबत नाही मी तिकडं.
रात्र थोडी असते,
आणि कुणीतरी आजही
‘पाणि’ लिहून गेलेलं असतं.