राजमणीची उधारी

आमच्या दुकानाच्या वहीत तिचं पान अजून आहे.
अब्बांच्या हातचं, उर्दूच्या वळणानं कललेलं मराठी :
गाजुल राजमणी, अक्कलकोट रोड,
रोज अठरा किलो, हाडांसकट.
सोमवारी नाही.
सोमवारी सिंहांना उपाशी ठेवतात
हे मला दुसरीत असताना कळलं,
आणि वर्गात कुणाला खरं वाटलं नाही.

विडी वळणाऱ्या बाईची पोर ती.
एका वर्षी गड्ड्यावर सर्कस आली,
ही तंबूमागं गेली
आणि एकवीस वर्षांनी ट्रकमधून परतली.
मागं दोन सिंह, एक वाघीण
आणि बुडालेल्या मालकाची चिठ्ठी :
पगाराऐवजी जनावरं दिली. तक्रार नाही.

चुलत्याचा कारखाना बंद होता.
माग भंगारात गेलेले,
जमिनीत त्यांच्या पायांचे खड्डे तेवढे राहिलेले.
त्या खड्ड्यांत ती पाणी भरून ठेवायची.
गावाला पाच दिवसांआड नळ,
हिच्या जनावरांना रोज टँकर.
लोक चिडणार नाहीत तर काय.

उन्हाळ्यात पूनम गेटसमोर बसायची, एकटी,
मांडीवर पाटी : प्राण्यांचा खेळ बंद करा.
पेपरात फोटो यायचा. अब्बा कापून ठेवायचे.
आणि लग्नसराईत, हेही खरंच,
शेडच्या मागच्या दारानं नवरदेव यायचे,
उसाच्या फडात सापडलेली बिबट्याची पिल्लं
मांडीवर घ्यायला. एका फोटोचे पाचशे.
अब्बांनी विचारलं, बाई, हे काय?
म्हणाली, तुमचंच बिल भागवतेय.
त्या तारखेला वहीत
जमा दोन हजार, आणि शाई फुटलेली.

मग अंबादासचा हात गेला.
उजवा, कोपरापासून. एका बुधवारी, सकाळी.
कुणी म्हणालं, पोरानं कडी लावली नव्हती.
कुणी म्हणालं, बाईच चेटकीण,
रक्ताची चटक तिनंच लावली.
मोर्चा निघाला. शेडवर दगड पडले.
एक दगड सिंहाला लागला,
तो फक्त उठून दुसरीकडं बसला.

वनखात्याची गाडी आली तेव्हा मी भिंतीवर होतो.
सिंह गेले. पिल्लं पोत्यात गेली.
पोचम्मा जाईना, ती वाघीण.
बांबू झाले, फटाके झाले.
शेवटी राजमणी स्वतः पिंजऱ्यात शिरली, रांगत,
कोपऱ्यात पाय पसरून बसली
आणि रिकाम्या मांडीवर
नसलेली विडी वळायला लागली.
रा तल्ली, रा. ये आई, ये.
वाघीण आत आली, तिच्या पायाशी पडली.
बराच वेळ कुणी दार लावेना.
साहेब घड्याळ बघत राहिले.
मग ती पलीकडच्या फटीतून निघाली
आणि कडी तिनंच घातली.

केस सात वर्षं चालली. निकाल काय लागला
ते मी कधी विचारलं नाही.
भाचीकडं राहायची, नीलमनगरात,
पुन्हा हजारी वळायची.
दर एक तारखेला दोनशे रुपये घेऊन दुकानात,
अब्बा गेल्यावरही.
मी नको म्हणायचो. ती वही मागायची,
आकड्यावर बोट ठेवून खात्री करायची,
आणि जाताना गल्ल्याशेजारच्या मांजराला
पाय लागू नये म्हणून वळसा घालायची.

मागच्या मार्गशीर्षात गेली.
अंबादास आला होता,
डाव्या हातानं माती टाकून गेला.
माझ्याशी बोलला नाही. का बोलावं?
त्याला तरी कुठं माहीत आहे.

त्या बुधवारच्या आधी मंगळवार होता.
तीन महिन्यांची बाकी थकलेली.
अब्बा म्हणाले, तरी नेऊन दे, मुकी जनावरं आहेत.
मी पिशवी सायकलला अडकवली
आणि आसरा चौकातून माघारी फिरलो.
माल दुसऱ्याला विकला, रोखीनं.
बूट घेतले.
पंचनाम्यात कुणी कसायाच्या पोराला विचारत नाही.

बाकी अडतीस हजार सहाशे चाळीस.
काल रात्री ते पान काढलं.
मंगळवारची ओळ कोरी होती,
तिथं माझ्या अक्षरात लिहिलं :
अठरा किलो. पोचवलं नाही.