प्रोटेस्टची जागा

दांडिया बाजारामागच्या शाळेचं सिमेंटचं कोर्ट
रात्री नऊलाही चपलेतून तळव्यांना सांगत होतं, मे आहे.
मी टेबलावर. शेजारी घड्याळवाला मितेश.
पुढ्यात कोरी स्कोअरशीट आणि दोन पेनं :
लाल पहिल्या-तिसऱ्या क्वार्टरला, निळं दुसऱ्या-चौथ्याला.
तेवीस उन्हाळे हेच करते आहे.
बँकेतून सुटले, यातून नाही.

शहाद्याच्या मुली आदल्या रात्री उतरल्या.
अक्कलकुवा, डेडियापाडा, राजपिपळा,
बस तीनदा थांबली, त्यात दोनदा कुणीतरी ओकलं म्हणून.
बारा नावांच्या रकान्यात सात नावं.
“बाकीच्या?”
ईशी सर म्हणाले, “एकीच्या बहिणीचं लग्न. दोघी मामाकडे.
उरलेल्या दोघींच्या घरचे म्हणाले, गुजरातेत कशाला,
बॉल इथंही उडतो.”
मी रिकाम्या ओळींवर रेघ मारली.

त्यांच्या पाठीवर बियाण्यांच्या दुकानाचं नाव,
फोन नंबरसकट.
समोर सुरतच्या बाराजणी, एकसारख्या बॅगा,
बर्फाची पेटी, पाय दाबून द्यायला वेगळी ताई.

नऊ नंबर दुपारच्या सामन्यातच चक्कर येऊन पडलेली.
आता डोक्यावर ओलं फडकं घेऊन बाकावरून ओरडत होती,
“हात वर! अगं, हात वर!”
म्हणजे खेळायला सहा.

एकवीस-आठ.
एका बाजूला लाल शाई सरसर खाली उतरत होती,
दुसऱ्या बाजूला डास चावल्यासारखी, इथं एक, तिथं एक.
मला वाटलं, लवकर आटपेल,
घरी जाऊन थंड ताक पिता येईल.

पण ती चार नंबर, मोनाली पाडवी,
कोपर सोलवटलेलं, तोंडातून शब्द नाही,
उंच मुलींच्या काखेखालून निघून जायची,
बोळातल्या म्हशींमधून सायकल काढावी तशी.

तिसऱ्या क्वार्टरात सात नंबर गेली.
पाचव्या फाउलची पाटी मी वर धरली.
पुठ्ठ्याचीच आहे ती, तरी खांदा भरून येतो.
चौथ्यात दहा नंबर. मग, दोन मिनिटं उरलेली असताना, पाच.
रेफ्रीनं माझ्याकडे पाहिलं.
मी बोटं दाखवली. तीन.

नियम सांगतो, दोघी उभ्या असतील तोवर सामना चालतो.
हा नियम मला इतकी वर्षं नुसता पाठ होता.

पाचजणींसमोर तिघी.
कठड्यावर सेव-उसळ खात बसलेला एक काका म्हणाला,
“चालो, घेर जाओ!”
कुणी गेलं नाही. तोही नाही.
बावीस सेकंद राहिली तेव्हा मोनालीनं बॉल फळीवर मारला,
रिंगवर तो उगाचच दोनदा फिरला,
आणि मी अडतीसवर तिरकी रेघ ओढली,
जरा दाबूनच,
कार्बनखालच्या तिसऱ्या प्रतीवरसुद्धा उमटली.
तिसरी प्रत एरवी कुणाला वाचता येत नाही.

एकाहत्तर-अडतीस. घरी.

ती टेबलाशी आली. घामाचा थेंब शीटवर.
“मॅडम, कॅप्टनची सही इथं ना?”
तळाशी छापलेलं असतं :
प्रोटेस्ट असल्यास कर्णधाराची सही.
मी सांगणार होते, बाळा, ही जागा रिकामीच सोडायची असते.
तोवर तिनं पेन उचललं होतं
आणि पहिलीच्या वहीत काढतात तसं, अक्षर सुटं ठेवत,
स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव,
जागा संपली तरी संपूर्ण.

सकाळी नऊला समितीचे दवेभाई शीट घेऊन आले.
“बेन, आ शुं? प्रोटेस्ट शेनो?”
सहाची बस एव्हाना राजपिपळ्यापुढे असणार,
खिडकीच्या गजांना सात जर्सी वाळत बांधलेल्या.
“अर्ज नाही, फी नाही,” मी म्हटलं.
“तो काढी नाखो ने.”

व्हाइटनर शोधल्यासारखं केलं मी. ड्रॉवर, खण, मितेशचा डबा.
सापडला नाही म्हणाले.
पर्समध्येच होता.