घोडी

शनिवारी शिकवणी सुटली की
मी सतारमेकर गल्लीत थांबते, दस्तगीरचाचांचे मेल वाचायला.
नातू ते छापून ठेवतो. कागदाला चंद्रसाचा वास येतो
आणि कोपऱ्यावर कायम पॉलिशचा अंगठा.

पहिल्याच खेपेला माझी फजिती झाली.
"पूल मोडलाय," मी वाचलं, "नवा पाठवून द्या."
चाचांनी कानस खाली ठेवली.
"कुठला? अंकलीचा? कालच तर त्यावरनं आलो."
मग तंबोऱ्याच्या तबलीवर बोट टेकवून म्हणाले,
"बाई, ही. घोडी."
हाडाची, दोन बोटं रुंद,
चार तारा पाठीवर घेऊन उभी.

त्यांना त्यात पलीकडे जाणं दिसलं,
आपल्याला ओझं वाहणं.
रात्री कोश उघडला तर ब्रिज नाकाच्या हाडावरही निघाला,
दोन दातांच्या मधल्या फटीतही,
जहाजाच्या माथ्यावरही.
आणि घोडी? रंगाऱ्याची, भिंतीला टेकलेली.
शाळेत ओणवं उभं केलेल्या पोराची.
शिवाय आई मला म्हणायची,
एवढी घोडी झालीस तरी भाकरी थापता येत नाही.
एका तंबोऱ्यापुरते हे दोन शब्द भेटतात,
मग आपापल्या गावाला जातात.

नववी ब मध्ये फळ्यावर लिहिलं: बिग, लार्ज.
मधे बरोबरचं चिन्ह.
ऐश्वर्या वाघमोडे उभी राहिली.
"मॅडम, बिग ब्रदर म्हणजे थोरला ना?
मग लार्ज ब्रदर म्हणजे?"
"जाडा," मागून कुणीतरी म्हणालं, वर्ग हसला.
ती हसली नाही.
"आणि बरोबर असतील तर दोन कशाला?"

तिचा प्रश्न मी गल्लीत घेऊन आले.
चाचांनी मधल्या दोन तारा छेडल्या.
"ही जोड. दोन्ही षड्ज. एक नको?"
आणि एकीवर बोट ठेवलं.
सूर तोच राहिला,
पण खोलीतून कुणी उठून गेल्यासारखं झालं.
बोट काढलं. मग शेवटची, पितळी, खर्जाची:
तोच सा, एक मजला खाली.
मला ट्री आठवला.
आंबा म्हणा, बाभूळ म्हणा, उंबर म्हणा,
खाली तो वाजतच असतो, कुणी नाव न घेता.

तारेखालचा सुताचा दोरा त्यांनी केसभर सरकवला.
बंद आवाज उघडला.
"इथनं तिथं," ते म्हणाले, "एवढंच काम. बाकी सगळं तारेचं."
मी शब्दांचं काही बोलले नाही.
घरी येताना मात्र बोलत आले, स्वतःशी.

दिवाळीनंतर ब्रिस्टलहून एका बाईचा मेल.
तीनच ओळी, आणि तिन्हींत लेफ्ट.
मी अडखळले.
मार्चमध्ये वडील गेले.
तुमचा तंबोरा माझ्यासाठी ठेवून गेले.
त्यावर आता दोनच तारा उरल्यात.
"तिन्हीकडे एकच शब्द?"
"एकच. डाव्या हातालाही तोच."
चाचांनी चष्मा कपाळावर चढवला.
"जाणारा आणि उरणारा एका शब्दात राहतात?
भांडत नाहीत?"

माझ्याकडे उत्तर होतं, व्याकरणातलं,
कुठलं क्रियापद, कुठलं कृदंत.
तोवर त्यांनी डबा ओढला होता:
तारांची दोन वेटोळी, जवारीचा दोरा,
आणि न मागितलेली एक घोडी,
कापसात गुंडाळून.
"लिहा, पैसे नकोत."
मी लिहिलं. दोनदा खोडलं.
सॉरी पुन्हा लिहिलं, कारण त्यांच्याकडे
चूक झाल्यावर आणि माणूस गेल्यावर
तेच म्हणतात.

सात वाजले. दिवे लागले होते.
"चल रे," नातवाला म्हणाले, "दुकान वाढवू या."
त्याने शटर अर्धं ओढलं.
मी वाकून बाहेर पडले, पर्स सावरली,
म्हटलं, "येते,"
आणि निघाले.